शिंतोडेने घोटलेली भिंत

शिंतोडे हे त्याचं आडनाव नव्हतं. पण खरं आडनाव सांगायला त्याच्या बायकोलासुद्धा क्षणभर थांबावं लागे, इतकं हे टोपणनाव त्याला चिकटलं होतं. पोस्टमन याच नावाने पाकीट आणी आणि दुकानदार याच नावाने हाक मारी. नाव पडायचं कारण कुणी विचारू नये आणि त्याच्याकडे एकदा बघावं. कानाच्या पाळीवर, भुवईत, मानेच्या घडीत कुठे ना कुठे करड्या काँक्रीटचा एक थेंब वाळून बसलेला असेच. लग्नाच्या फोटोतही आहे, डाव्या नाकपुडीजवळ. बायकोकडचे लोक बराच काळ त्याला चामखीळ समजत होते.

त्याचं काम भुयारातलं. सुरुंग उडाला, धूर निघून गेला, दगडगोटे उपसून झाले की आतला कातळ उघडाबोडका उभा राहतो आणि त्याला कुणीतरी धरून ठेवावं लागतं. नाही धरलं तर तो खाली येतो, आणि डोंगराला त्याचं काडीइतकंही वाईट वाटत नाही. हे धरून ठेवायचं खातं शिंतोडेकडे. पंप काँक्रीट ढकलतो, जाड रबरी नळीतून ते गुरगुरत पुढे येतं, तोंडाशी त्याला हवेचा जोर मिळतो आणि पटकन आवळणारं एक औषध त्यात मिसळतं. मग नळीचं तोंड धरून उभा असलेला माणूस ते भिंतीवर आणि छतावर मारतो. मारतो म्हणजे अक्षरशः मारतो. आदळलं की चिकटतं, चिकटलं की आवळतं आणि डोंगर जागच्या जागी थांबतो. याला शॉटक्रीट म्हणतात. शिंतोडे मात्र 'माझं काम' म्हणे, जणू इतर लोक तिथे हवा खायला येत.

मी तेव्हा भुयाराच्या तोंडाशी दिव्यांच्या खोलीत बसत असे. आत जाणाऱ्याला टोपीचा दिवा द्यायचा आणि त्याचा पितळी बिल्ला फळ्यावर अडकवून घ्यायचा, एवढंच काम. पण त्या खिडकीतून जगातली कुठलीही बातमी माझ्या हाताखालून गेल्याशिवाय आत जात नसे की बाहेर येत नसे. शिंतोडेच्या घरातली तर रोज ताजी मिळे, कारण आम्ही वसाहतीत भिंतीला भिंत लावून राहत होतो.

आणि भानगड त्या भिंतीचीच होती. म्हणजे आमच्या मधल्या नव्हे, समोरच्या.

झालं असं, की शिंतोडेचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, गिलाव्याचा कारागीर. साधासुधा नव्हे हं. त्याने घोटलेल्या भिंतीवर बसलेली माशी घसरते, असं तो स्वतःच सांगे. इस्त्री केलेला शर्ट घालून गिलावा करी आणि संध्याकाळी तोच शर्ट घालून सिनेमाला जाई. तर या मेहुण्याने बहिणीच्या घराला भेट म्हणून बाहेरच्या खोलीतली समोरची भिंत गिलावा करून दिली. दुधाच्या सायीसारखी. झालं! त्या दिवसापासून शिंतोडे रोज मेहुण्याच्या भिंतीकडे तोंड करून जेवू लागला. बायको ती भिंत कोरड्या फडक्याने पुसी. तिच्यात खिळा ठोकायची घरात कुणाची छाती नव्हती. कॅलेंडर कपाटाच्या कडीला लटकवलेलं असे आणि कपाट उघडलं की महिना जमिनीवर पडे.

"अहो, पाठ टेकू नका तिथे, डाग पडेल."

"अगं, आंघोळ करून आलोय."

"तुमच्या आंघोळीचं मला सांगता? काल आमटीत खडा निघाला तो कुठून आला?"

मेहुणा सुट्टीच्या दिवशी आला की आधी आपल्या भिंतीसमोर उभा राही, एक डोळा मिटून कडेने बघे आणि समाधानाने मान हलवी. मग बसून भावजींचा समाचार घेई. एकदा शिंतोडेने मोठ्या हौसेने मोबाइलवर भुयाराचा फोटो दाखवला. अख्खी कमान, या टोकापासून त्या टोकापर्यंत त्याने एकट्याने फवारलेली. मेहुण्याने फोटो आडवा धरला, उभा धरला.

"दाजी, हा काम चालू असतानाचा झाला. झाल्यावरचा कुठाय?"

"हाच झाल्यावरचा."

घरात जे हसू फुटलं ते माझ्या स्वयंपाकघरात ऐकू आलं. शिंतोडेची सासू, जिला एरवी दाराची बेल ऐकू येत नसे, तीसुद्धा हसली. बायको हसली नाही, पण ओठ दाबून आत गेली, आणि शिंतोडेच्या मते ते हसण्यापेक्षा वाईट होतं.

दुसऱ्या दिवशी माझ्या खिडकीशी येऊन म्हणाला, "हत्तीच्या पाठीसारखी दिसते म्हणे. अरे, हत्तीची पाठ काय उगाच तशी असते?"

"नसेल बुवा," मी म्हणालो. "पण हत्तीला तरी मेहुणा बघायला येत नाही."

आता गंमत बघा. याचं काम कुणाला दिसायचंही नव्हतं. शॉटक्रीट झालं, की काही महिन्यांनी त्याच्यावर पाणी अडवणारी प्लास्टिकची चादर पसरतात आणि त्याच्यावर पुन्हा काँक्रीटचं गुळगुळीत अस्तर चढवतात. लोक गाडीतून जाताना त्या अस्तराला 'वा!' म्हणतात. शिंतोडेचं उभं आयुष्य असं कुठल्या ना कुठल्या अस्तरामागे गाडलेलं होतं. आणि माणूस तर कौतुकाचा भुकेला! नळी हातात घेतली की गवयासारखा एक पाय पुढे टाकून उभा राही, मागे कोण बघतंय का याचा अंदाज घेई आणि मगच पंपवाल्याला खूण करी. शिकाऊ लोकांना घसा फोडून सांगे, "आधी भिंत धू. धुळीवर मारलेलं काँक्रीट म्हणजे पावडर लावलेल्या गालावरचं तिकीट. खळगे आधी भर. नळी भिंतीला सरळ धर, तिरकी धरलीस की निम्मा माल उडून तुझ्याच तोंडावर येतो. आणि मारल्यावर हात लावू नकोस! त्याला दगड धरायचाय, त्याला कुरवाळू नकोस."

काम तो उत्तम जाणत होता, हे मुद्दाम सांगून ठेवतो. कारण पुढे जे केलं ते न कळून केलं, असं कुणी म्हणायला नको.

भुयार आरपार झालं आणि साहेबांच्या मनात आलं, की अस्तर चढायच्या आधी कामगारांच्या घरच्या मंडळींना एकदा आत फिरवून आणावं. फळ्यावर सूचना लागली. शिंतोडेने ती वाचली, परत वाचली आणि माझ्याकडे आला तेव्हा त्याचा चेहरा असा, की मला वाटलं पगार वाढला.

"ही येणार," तो म्हणाला. "सासूबाई येणार. आणि तोही येणार."

"मग येऊ दे की."

"एकदाच, रे. एकदाच तो बघणार, आणि मग चादर पडणार. जन्मभर जेवताना तो म्हणेल, बघितलं हं दाजी तुमचं काम. आणि ही ओठ दाबून आत जाईल."

मी म्हटलं, चांगलं दणदणीत काम आहे, छाती पुढे काढून दाखव. पण त्याचं लक्ष नव्हतं. भेटीच्या आदल्या दिवशी दुपारी तो दिवा घ्यायला आला, तेव्हा कोटाच्या आत काहीतरी लाकडी आडवं लपवलेलं. कोपरा बाहेर डोकावत होता.

"हे काय?"

"पाठ खाजवायला."

मी काही कालचा नाही. तो रंधा होता, गिलावा घोटायचा, मुठीवर मेहुण्याच्या नावाचं पहिलं अक्षर कोरलेला. मेहुण्याची हत्यारांची पिशवी बहिणीच्याच घरी पलंगाखाली असे. म्हणजे भावजींनी मेहुण्याला हरवायला मेहुण्याचाच रंधा पळवला होता. मी बिल्ला अडकवून घेतला आणि तोंड मिटून बसलो. तोंड मिटणं मला किती जड जातं हे तुम्हाला ठाऊक आहेच.

पुढचं मला पंपवाल्याने सांगितलं. पंपवाला म्हणजे कामापुरतं बोलणारा माणूस, त्यामुळे त्याच्याकडून बातमी काढणं म्हणजे विहिरीतून बादली काढणं. भुयाराच्या मध्यावर भिंतीत एक कोनाडा आहे, गाडी बंद पडली तर माणसांनी उभं राहायला. मंडळी तिथे थांबून पाणी पिणार असं ठरलेलं. शिंतोडेने नेमकी तीच जागा निवडली. कोनाड्याची मागची भिंत त्याने महिन्यांपूर्वीच फवारली होती, घट्ट, ठणठणीत, खरबरीत. तिच्यावर आता त्याला बोटभर जाडीचा एक नवा थर मारायचा होता.

"औषध कमी सोड," तो पंपवाल्याला म्हणाला.

"का?"

"लगेच आवळलं तर घोटू कसं?"

"भिंत धुवायची नाही?"

"वेळ कुठाय?"

पंपवाला म्हणतो, एवढं ऐकून मी फक्त त्याच्याकडे बघितलं. शिंतोडेने नजर चुकवली. मग थर मारला, कोटातला रंधा काढला आणि गुडघ्यापासून डोक्याच्या वर हात पुरेल तिथपर्यंत ती भिंत गोल गोल घोटून काढली. काँक्रीट मधूनच आवळू लागलं की दात-ओठ खाऊन रेटी. जे कुरवाळू नका म्हणून जगाला सांगत आला, त्याला त्याने बाळाला तेल लावावं तसं चोळलं. आणि खरं सांगू? भिंत झाली सुरेख. पंपवाल्यासारखा माणूस 'हं' म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मंडळी आली. मी सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या चढवल्या. शिंतोडेच्या बायकोने हिरवी साडी नेसली होती आणि टोपी केसांना लागू नये म्हणून मान ताठ धरली होती. सासूबाईंसाठी एक प्लास्टिकची खुर्ची बरोबर घेतलेली, ती उचलायचा मान जावयाकडे. मेहुणा नेहमीच्या इस्त्रीच्या शर्टात. टोप्या परत गोळा करायच्या, या सबबीवर मीही मागे मागे चाललो. असला तमाशा मी सोडतो होय?

पुढे इंजिनियर मॅडम होत्या. हातात लहान हातोडी, चालता चालता भिंतीवर टकटक करायची त्यांची सवय. खणखणीत आवाज आला की पुढे. त्या सगळ्यांना समजावत होत्या, हा कातळ, हे पोलादी बोल्ट, हे शॉटक्रीट. मेहुण्याने तळहात भिंतीवर ठेवला आणि चटका बसल्यासारखा काढला.

"अबब! दाजी, इथे पाठ घासली तर साल निघेल. ताई, बघ गं, तुझ्या नवऱ्याची कलाकारी."

"बघतेय," ताई म्हणाली. एवढंच. ओठ दाबलेले होते की काय ते टोपीच्या सावलीत मला दिसलं नाही. शिंतोडेला दिसलं असावं. तो खुर्ची काखेत मारून भराभर पुढे निघाला.

कोनाड्याशी आलो. मॅडम पुढच्या घोळक्याला पाण्याच्या निचऱ्याची मोरी दाखवत होत्या. शिंतोडेने दिवा असा उचलला की उजेड बरोबर त्या भिंतीवर पडावा, आणि अगदी सहज, जांभई दिल्यासारखं म्हणाला, "हा आपला एक कोनाडा."

मेहुणा थांबला. जवळ गेला. एक डोळा मिटून कडेने बघितलं. मग दुसरा मिटून बघितलं. तळहात वरून खाली फिरवला, आणि तो हात कुठेही अडला नाही.

"दाजी," आवाज एकदम खाली आला होता. "हे तुमचं?"

"मग काय शेजाऱ्याचं?"

"या नळीने? उभ्या-उभ्या?" मेहुणा बहिणीकडे वळला. "ताई, मी खोटं बोलणार नाही. ही भिंत मी केली असती तर मी नाव सांगितलं असतं."

त्याच्या तोंडून याहून मोठी पदवी कुणाला मिळालेली नाही. आणि ताई! तिने नवऱ्याकडे असं बघितलं, की मला उगीच माझ्या घरी जावंसं वाटलं. "अहो," ती म्हणाली, "कधी बोलला नाहीत ते?" शिंतोडेचे कान लाल झाले. मेहुण्याने लगेच फर्मान सोडलं, फोटो इथेच. खुर्ची भिंतीपाशी मांडली, तिच्यावर सासूबाईंना बसवलं, मागे बायको, बाजूला मेहुणा, मधे शिंतोडे. फोटो काढायला मोबाइल माझ्या हातात दिला. काढला मी. छान आला.

फोटो निघताना शिंतोडेने ऐटीत भिंतीवर हात टेकला होता. आणि मोबाइलच्या काचेतच मी बघितलं, त्याचा चेहरा बदलला. हसू तसंच राहिलं, पण त्याच्यामागचा माणूस निघून गेला. आत हवा ढकलणाऱ्या पंख्याच्या घरघरीत ऐकू काही येत नव्हतं. पण त्या हाताने आयुष्यभर भिंती चाचपल्या होत्या. त्याने दोन बोटांनी हळूच ठोकलं, मग जरा वर ठोकलं. ठण नाही. भद्द. आत मोकळं. बोटभर जाडीचा तो सगळा पापुद्रा नुसता उभा होता, कशालाही न धरता, आणि त्याच्याखाली सासूबाई पाण्याचा पेला तोंडाला लावून बसल्या होत्या.

आता मला सांगा, तुम्ही काय केलं असतं? गुपचूप चला पुढे चला पुढे करून मंडळी हलवली असती, उद्या एकट्याने येऊन पाडलं असतं आणि जन्मभर मेहुण्यासमोर ताठ बसून जेवला असता. तोही आधी तेच करायला गेला.

"चला, आई, पुढे अजून बघायचंय."

"काय?"

"पुढे! चला!"

"बसू दे की, दाजी," मेहुणा म्हणाला. "दमलीय ती. आणि एवढी देखणी जागा सोडून पुढे काय हत्ती बघायचेत?"

तेवढ्यात वरच्या बाजूला, कमानीजवळ, एक केसाएवढी रेघ उमटली. मी बघितली. शिंतोडेने बघितली.

"आई, उठा!" तो ओरडला. सासूबाईंनी प्रेमाने हसून पेला पुढे केला. त्यांना वाटलं, पाणी मागतोय.

"माझ्या आईवर ओरडता?" ताई कडाडली.

 शिंतोडेने सासूबाईंना सरळ काखेत धरून उचललं, पेल्यासकट, आणि मेहुण्याच्या अंगावर ठेवलं. मग सगळ्यांना मागे रेटलं, कोनाड्याबाहेरची पहार घेतली आणि लांबून त्या रेघेत टोक घालून ओढलं. सगळी दुधाची साय एका तुकड्यात खाली आली. खुर्चीचे दोन पाय गेले आणि करड्या धुळीने इस्त्रीचा शर्ट, हिरवी साडी, सगळे शिंतोडे होऊन उभे राहिले.

धूळ बसली तशी मागची जुनी भिंत दिसली. खरबरीत, हत्तीच्या पाठीसारखी, जशीच्या तशी.

मॅडम धावत आल्या. पडलेला तुकडा उलटा केला, सुलटा केला, वरचे गोल गोल फेरे बघितले. "हे कुणी घोटलं?"

घोळक्यात मागे उभा असलेला पंपवाला छताकडे बघत होता. तसा तो नेहमीच बघतो. शिंतोडेला काहीही सांगता आलं असतं. मेहुणा बाजूलाच उभा होता आणि त्याच्याकडे टक लावून बघत होता.

"मी," तो म्हणाला. "न धुता मारलं. औषध कमी सोडलं. आणि घोटलं." मग कोटातून रंधा काढून मेहुण्याच्या हातात दिला. "हा तुझा."

"वाटलंच मला!" मेहुणा म्हणाला. "फेरा ओळखीचा वाटत होता. उगाच नाही आवडला!"

मॅडमनी तिथल्या तिथे त्याची नळी काढून घेतली. पुन्हा शिकाऊंच्या वर्गात बसायचं, लाकडी चौकटीत फवारून दाखवायचं, तिच्यातून घट्ट झालेल्या काँक्रीटची नळकांडी कापून तपासायची आणि पास झालं तरच नळी परत. ज्यांना तो घसा फोडून शिकवत होता, त्यांच्या शेजारच्या बाकावर. शिक्षा देऊन मॅडम वळल्या, तेव्हा ताईने त्यांना थांबवलं. अंगावरची धूळ झटकायच्या आधी.

"मॅडम, आणि हे मागचं? हे ओबडधोबड? हेही पडतं का?"

मॅडमनी हातोडी हाणली. ठण्ण! सासूबाईंनीसुद्धा वळून बघितलं. "हे नाही पडत," मॅडम म्हणाल्या. "यालाच धरून सगळे आत उभे आहेत."

"हेही यांनीच केलंय?"

"हो. म्हणून तर राग आला."

 परत येताना खिडकीशी ताईने मला टोपी दिली आणि सासूबाई म्हणाल्या, "खुर्ची चांगली होती हो." बस.

नळी त्याला परत मिळाली, पास झाला तो. शिकाऊंनी टाळ्या वाजवल्या म्हणे, आणि त्याने त्याही खऱ्याच धरल्या. पण त्याआधीच, एका सकाळी, माझ्या स्वयंपाकघरात हातोडीचा आवाज आला. मी कान लावला, मग लाज सोडून दारात जाऊन उभा राहिलो. ताई स्टुलावर चढून मेहुण्याच्या भिंतीत खिळा ठोकत होती. बरोबर मध्यावर. गिलाव्याचा ढलपा उडाला.

"अगं, त्याची भिंत!" शिंतोडे म्हणाला.

"माझं घर आहे," ती म्हणाली आणि चौकट अडकवली. मी काढलेला फोटो. मोठा करून आणलेला. सासूबाई खुर्चीत, पेला हातात, सगळे हसताहेत, आणि मागे ती साय.

"अगं पण हा नको! तो पडलेला भाग आहे. आयुष्यात एवढंच एक वाईट केलं मी!"

"दुसरा फोटो आहे का, आम्ही सगळे असलेला?"

नव्हता. आता चादरही पडली होती आणि अस्तरही चढलं होतं.

तेव्हापासून तो त्या फोटोकडे तोंड करून जेवतो. पाहुणा आला, की घाईघाईने उठून बोट ठेवतो, मेहुण्याच्या कोपराजवळ, जिथे करंगळीच्या नखाएवढा खरबरीत कोपरा आलाय. "ते गुळगुळीत बघू नका. हे बघा. हे माझं." पाहुण्याला काही दिसत नाही. मेहुणा असला तर म्हणतो, "चौकट तिरकी लावलीय, आणि रंधा माझा होता." मग ताई चहा घेऊन बाहेर येते, पाहुण्याच्या हातात कप देते आणि फोटोकडे मान वळवून सांगते, "ती मागची भिंत दिसतेय ना? ती ह्यांनी पाडली. आमच्या सगळ्यांदेखत."

आणि शिंतोडे, कानाच्या पाळीवर वाळलेला थेंब घेऊन, ओठ दाबून आत निघून जातो.